जगदाळे सरांची रिकीब

माणसाच्या अंगातलं सगळ्यांत लहान हाड कोणतं, हे सत्तरच्या दशकात आमच्या आष्ट्याच्या हायस्कुलातून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा. मग तो आज कारखान्याला ऊस घालत असो, नाहीतर एस.टी.त घंटीची दोरी ओढत असो. "रिकीब," असं तो सांगेल, आणि सांगताना आवाज खाली आणेल. कारण जगदाळे सर ते खालच्या आवाजात सांगायचे. सर सगळंच खालच्या आवाजात सांगायचे.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवत होते. माझा वर्ग म्हणजे आठवडी बाजार. मोसमी वारे समजावून देता देता माझा घसा बसायचा, आणि भिंतीपलीकडे सरांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. हेडमास्तर मला मुद्दाम ऐकवायचे, "बाई, शिस्त बघायची तर जगदाळ्यांची बघा. आवाज म्हणून चढवावा लागत नाही त्यांना." त्यात खोटं काही नव्हतं. श्वास धरून बसल्याशिवाय सरांचं बोलणं पहिल्या बाकावरच्या पोरालाही कळायचं नाही, म्हणून पोरं श्वास धरून बसायची.

आणि बोलणं श्वास धरण्याजोगं असायचं, हेही सांगितलं पाहिजे. सगळ्यांत रंगायचा तो कानाचा धडा. तो धडा सर पुस्तकातल्या क्रमानं कधीच घेत नसत. संक्रांतीच्या सुमाराला, शाळेमागचं शाळूचं रान पुरुषभर उंच झालं, की सरांची सामानाची जमवाजमव सुरू व्हायची. रॉकेलवाल्याचं नरसाळं यायचं. हलगी यायची. लोहाराच्या भात्याजवळून हातोडा आणि ऐरण यायची, आणि ऐरण उचलून आणणाऱ्या पोराला त्या दिवशी गृहपाठ माफ. वरातीला घोडं भाड्यानं देणारा एक जण होता, त्याच्याकडून रिकीब, म्हणजे खोगिराची पाय अडकवायची कडी. एवढं सगळं टेबलावर ओळीनं मांडून झालं की सर त्याच्या मागे उभे राहायचे. पेठेतल्या दुकानदारालासुद्धा एवढा माल मांडलेला मी पाहिला नाही.

"आवाज म्हणजे हवेचा धक्का," सर म्हणायचे. "तो नरसाळ्यातून आत शिरतो आणि पडद्यावर आपटतो. पडदा हातोड्याला ढकलतो, हातोडा ऐरणीला, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या पाण्याला. इथवर नुसती ढकलाढकल चालली आहे. ऐकणं अजून सुरूच झालेलं नाही."

मग ते वर्गाला बाहेर रानाच्या बांधावर घेऊन जायचे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात पाणी असतं, आणि त्या पाण्यात हे असं रान असतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचं. पाणी हललं की केस वाकतात, केस वाकले की मेंदूला बातमी जाते. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक येऊन शाळू लवायचा. सर वाऱ्याची वाट बघत थांबायचे, पण पोरांना वाटायचं की वारा सरांचं ऐकतो.

"आणि वावटळीनं शाळू झोपला तर?" सर विचारायचे.

"उठत न्हाई, सर."

"तोफेच्या आवाजानं हेच होतं. म्हणून बहिरेपण दोन तऱ्हेचं. एकात वाट अडते, पण आत रान उभं असतं. दुसऱ्यात वाट मोकळी असते, आणि रान झोपलेलं. पहिल्यावर इलाज आहे. दुसऱ्यावर नाही."

पोरांच्यातल्या निम्म्यांचा बाप, चुलता नाहीतर भाऊ पलटणीत असायचा. ती घरी जाऊन म्हाताऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत असतील, असं मला वाटतं.

सरांचा उभा दावा होता तो तेलाशी. लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडणं हा आमच्याकडे औषधोपचार नव्हे, लाड करायची पद्धत. सर पालकसभेत उभे राहून सांगायचे, "पडद्याच्या पलीकडे तेल जात नाही. दाराला तेल लावून आतली कडी निघते का?" पालक मान डोलावायचे, आणि संध्याकाळी घरोघर लसूण कढवल्याचा वास यायचा. तालमीचे वस्ताद तर एकदा आपले चुरगळलेले दोन्ही कान दाखवत शाळेतच आले. "ह्ये बघा मास्तर. बाहेरनं पार इस्कोट झालाय, पर पानी पडल्यालं ऐकू येतंय. तेलाची किरपा!" सरांनी त्यांना आदरानं बसवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचाच दाखला दिला, की बाहेरचा कान हा शोभेचा आहे, खरं काम आत चालतं. वस्तादांना हे कळलं तेव्हा ते सहा महिने सरांशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्या शाळेत येण्याआधी ते शिराळ्याला होते. तिथून त्यांची बदली का झाली याच्या पुष्कळ कथा होत्या, पण मला खरी वाटते ती ही. नागपंचमीच्या तोंडावर त्यांनी भर चौकात, नाग धरून ठेवायला मडकी घेऊन निघालेल्या मंडळींना अडवून सांगितलं, की नागाला बाहेरचा कान नाही आणि पडदाही नाही. तुमचे ढोल-ताशे त्याच्या लेखी नाहीत. तो ऐकतो ते जबड्याच्या हाडानं, जमिनीचे हादरे. ज्याच्या हातात मडकं होतं त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं मास्तर, त्येला कान न्हाईत, पर आमचं समदं ऐकतोय. तुमाला दोन हायत, त्येंचा आमाला काय उपेग?"

ही गोष्ट सर स्वतःच हसत हसत सांगायचे. त्यातला दुसरा अर्धा भाग मला पुढे कळला. त्या माणसाचं ते बोलणं सरांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना ते घरी आल्यावर, सोबत असलेल्या त्यांच्या मुलीनं सांगितलं.

कारण जगदाळे सरांना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार नव्हे. पण खोलीत शांतता असली आणि समोरचा माणूस बेतानं बोलत असला, तर सरांपर्यंत फारसं काही पोचत नसे. त्यांनी त्यावर युक्त्या बसवल्या होत्या. वर्गात कुणाला शंका आली तर त्यानं उठून ती फळ्यावर लिहायची. "लिहिताना माणूस विचार करतो," असं सर सांगत. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती आम्हा सगळ्यांना लावून दिली. वर्षभर माझ्या तासाला पोरं खडू संपवत होती. आणि सरांची समजूत अशी की आपलं बिंग कुणालाच ठाऊक नाही. ते फक्त हेडमास्तरांना आणि इन्स्पेक्टरांना ठाऊक नव्हतं. बाकी आष्टा गाव सरांशी बोलताना आपसूक दोन पावलं पुढे यायचं आणि तोंड वर करून बोलायचं.

मला त्यांनी स्वतः सांगितलं ते गिरणीत. शाळेपासून हाकेच्या अंतरावर बाबूची पिठाची गिरणी होती. सर रोज संध्याकाळी हातात डबा घेऊन तिथे जायचे. घरात माणसं दोन, बाप आणि लेक. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघांना रोज दळण कसलं लागतंय? पण गावात कुणाशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की सर म्हणायचे, "जरा गिरणीत येता का?" एकदा मलाही म्हणाले. मी घरी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "जा. पण बाजरी घेऊन जा, म्हणजे कुणी काही म्हणायचं नाही."

गिरणी चालू होती. जात्याची घरघर आणि पट्ट्याची फटफट अशी की मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. आणि जगदाळे सर त्या गोंगाटात खुर्ची टाकून, चांगल्या खणखणीत आवाजात माझ्याशी बोलू लागले. माझं प्रत्येक वाक्य त्यांना कळत होतं. मी चकितच झाले.

"बाई, माझी रिकीब घट्ट बसली आहे," ते म्हणाले. "हाड वाढून जागच्या जागी जाम झाली आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. रान उभं आहे, वाट अडली आहे. ही घरघर तुमच्या कानावर बसते, म्हणून तुम्ही ओरडून बोलता. माझ्या कानात ती घरघर शिरतच नाही, तुमचं ओरडणं तेवढं येतं. म्हणून मला गिरणीत ऐकू येतं आणि देवळात येत नाही."

"आणि वर्गात तुम्ही इतकं हळू का बोलता?"

"माझा आवाज मला हाडातून ऐकू येतो, भरपूर मोठा. मला वाटतं मी ओरडतोय. इथे मी मुद्दाम चढवून बोलतो, सवयीनं जमतं."

मग त्यांनी खिशातून नादकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेतला हा दोन पायांचा पोलादी चिमटा सरांच्या खिशात का असतो, हे कोडं त्या दिवशी सुटलं. तो त्यांनी गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. मान हलवली. पुन्हा आपटून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "नागासारखं," ते म्हणाले. "हाडानं."

मी अर्थातच विचारलं, की इलाज आहे असं तुम्हीच पोरांना सांगता, मग करून का घेत नाही? तेव्हा सरांनी शस्त्रक्रिया समजावून सांगितली. रिकीब काढतात आणि तिच्या जागी केसासारखी तार बसवतात. इतकं बहारदार वर्णन, की मला वाटलं आपलीच रिकीब काढून घ्यावी. हेच वर्णन पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला त्यांनी ऐकवलं होतं. त्यालाही तोच आजार. तो लगेच मिरजेला जाऊन कान बरा करून आला आणि सरांना पेढे देऊन गेला. सरांनी पेढे खाल्ले.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेकांचा कान सुधारतो, एखाद्याचा पार जातो," सर म्हणाले. "मी बहुतेकांतला आहे का एखाद्यातला, हे ते सांगत नाहीत." त्यांचा चेहरा अगदी शाळकरी पोरासारखा झाला होता. विज्ञानाचा एवढा अभिमान असलेला माणूस भित्रा निघाला याची मला गंमत वाटली, आणि मग जरा वाईटही वाटलं.

पण त्यांनी मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. सुमनसाठी. सुमन त्यांची एकुलती लेक, मॅट्रिक झालेली, नाकीडोळी नीटस. तिला स्थळं यायची आणि परत जायची. कारण एकच: मुलगी मोठ्यानं बोलते. आता बापाशी सगळा जन्म मोठ्यानं, तोंडासमोर तोंड ठेवून बोललेली ती पोर. पाहुण्यांनी नाव विचारलं की ती ते असं सांगायची की शेजारच्या आळीला कळावं. आमच्या भागात सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचंच झालं तर दाराआडून, पदर सावरून, खाली बघून. पाहुणे चहा पिऊन निघून जायचे. "पोरगी आवाजी हाय," एवढाच निरोप मागून यायचा.

आणि सरांच्या मनात आणखी एक काटा होता. त्यांच्या आईला हेच झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे घराण्यातून उतरतं, आणि बायकांत बाळंतपणानंतर कधीकधी बळावतं. "सुमनला आज काही नाही," सर म्हणाले, "पण उद्या होऊ शकतं. हे लपवून मी सोयरीक करणार नाही. मी शास्त्राचा मास्तर आहे. येणाऱ्या पाहुण्यांना सांगणार आहे. तिच्या बाजूनं एक बाईमाणूस हवं, तुम्ही याल?"

पाहुणे म्हणजे लोणंदजवळच्या वाडीतले सुभेदार शेळके. तोफखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा विलास सातारला वर्कशॉपात नोकरीला. सुभेदार, सुभेदारीणबाई आणि विलास एस.टी.तून उतरले, आणि सर त्यांना वाटेवरच्या गिरणीत घेऊन गेले. "दळण टाकलंय, तेवढं घेऊन पुढं जाऊ," असं कारण. आत बाबूनं आधीच चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मुलीच्या लग्नाची बोलणी पिठाच्या गिरणीत झाल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही. सुभेदारांच्या कडक इस्त्रीच्या कोटावर पीठ बसत होतं, आणि ते ताठ, तोफेशेजारी बसावं तसे बसले होते. विलासला मशिनीचं भारी कौतुक. तो बाबूबरोबर पट्टा बघायला पलीकडे गेला.

सरांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांची आई, त्यांची रिकीब, सुमनच्या बाबतीतली भीती, बाळंतपणाचं. मोठ्यानं, नीट, सुभेदारांच्या तोंडाकडे बघून.  शेवटी म्हणाले, "आता तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मला राग नाही."

सुभेदार सरांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. सर थांबले तसे ते गरजले, "काय बी हरकत न्हाई, मास्तर! आपली बिलकुल रजामंदी हाय!"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत, बाई? पापणी हलली नाही माणसाची."

मी बघितलं होतं. एवढ्यात बाबू सुभेदारांना म्हणाला, "सायेब, पट्ट्यापासनं जरा अंग लांब घ्या." सुभेदार म्हणाले, "काय बी हरकत न्हाई," आणि जागचे हलले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वावटळीनं झोपलेलं रान माझ्यासमोर खुर्चीवर बसलं होतं. अशा माणसाला गोंगाटात एक शब्द वेगळा काढता येत नाही, हे सरांनीच दर संक्रांतीला अर्ध्या तालुक्याला शिकवलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना दिसत नव्हतं. सुभेदारीणबाई मात्र माझ्या शेजारी बसून, पदर तोंडाला लावून, सरांचं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकत होत्या.

तिथून सगळे घरी आले. घर म्हणजे आळीच्या टोकाच्या दोन खोल्या, अगदी शांत. सुमननं पोहे दिले, स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. सुभेदार दचकले, आणि तिच्याकडे बघतच राहिले. गिरणीत दगडासारखा बसलेला माणूस इथे सैल झाला होता. विलास मागच्या विहिरीवरचा पंप बघायला उठून गेला, तसे सुभेदार सरांकडे सरकले. आयुष्यभर हुकूम दिलेला तो आवाज त्यांनी खाली आणला, अगदी लाजेनं खाली.

"मास्तर, तुमी मघाशी मनातलं बोलला, आता माझं ऐका. तोफांनी माझं कान खाल्लं. उजवा गेलाय, डाव्यानं थोडं येतंय, त्ये बी असं समोर बसून बोललं तर. घरात थोरली सून हाय, गुनाची हाय, पर सासऱ्यापुढं हळू बोलायची रीत. काय बोलती मला कळत न्हाई. मंग ती बोलायचीच थांबली. नातवंडं बी तिचं बघून थांबली. आमची कारभारीन तेवढी वरडती. तुमच्या पोरीला म्हनावं, आमच्या घरात मोठ्यानं बोल. कुनी उद्धट म्हननार न्हाई. एवढं मागनं हाय माझं."

सरांना यातलं काहीही ऐकू आलं नाही. शांत खोली, खालचा आवाज. त्यांनी समोरचा भरून आलेला चेहरा बघितला, गिरणीतला उपकार आठवला, आणि दोन्ही हात जोडून मान डोलावली. "तुमच्या शब्दाबाहेर नाही, सुभेदार."

सुभेदारांनी रुमाल काढला. दोन मोठ्या मनाची माणसं एकमेकांचे हात धरून बसली होती. दोघांनी आपलं सगळ्यांत अवघड गुपित उघड केलं होतं, आणि दोघांनी दुसऱ्याचं ऐकलंच नव्हतं. हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

तिथे सुभेदारीणबाई सुमनपुढे पाटावर बसलेल्या होत्या. मी काही सांगण्याआधी त्यांनीच मला थांबवलं. "मी ऐकलंय तिकडचं. आन् हिकडचं बी." मग सुमनकडे वळून म्हणाल्या, "तुझा बाप खरं बोलला. तुला काय म्हनायचं हाय?"

सुमन म्हणाली, "आत्ता मला सगळं ऐकू येतं. पुढचं सांगता येत नाही. आबांनी ते गिरणीत सांगितलं, पण सुभेदारांनी ऐकलंच नसेल तर ती फसवणूक होईल. मला तसं लग्न नको." आणि हे तिनं तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. मी घाबरून दाराकडे बघितलं, पण बाहेरच्या दोघांना कसली भीती!

सुभेदारीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "ह्यांच्यासंगं वरडून वरडून माझी छाती दुखाय लागलीया. आता तू यं. तुझ्या कानाचं पुढं काय झालंच तर माझा आवाज हायच की. आन् इलासला मी सांगते समदं. त्यो न्हाई म्हनला तर उद्याच्याला सांगावा धाडीन, चहावर कटवनार न्हाई."

"आणि या दोघांना?" मी विचारलं.

"त्येंला कशाला सांगताय, बाई? समोरचा लय मोठ्या मनाचा हाय म्हनून दोघं खुशीत हायत. ऱ्हाऊ द्या."

विलास नाही म्हणाला नाही. लग्न आष्ट्यातच झालं, हलगी-ताशाच्या कडकडाटात. त्या गोंगाटात जगदाळे सरांना सगळ्यांचं सगळं ऐकू येत होतं आणि ते बरोबर जागी हसत होते. शेजारी सुभेदार पुतळ्यासारखे. मग वाद्यं थांबली, आणि दोघांची अदलाबदल झाली: सुभेदार बोलू लागले, सर पुतळ्यासारखे. पुढे वर्षभर सर मला सांगत राहिले की सुभेदारांसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. सुमन माहेरी आली की सांगायची, सुभेदारही तिकडे हेच सांगतात. ती सासऱ्याला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि ते अख्खी वाडी ऐकायची. नातवंडं पुन्हा आजोबांजवळ येऊन बोलायला लागली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. सर रोज सकाळी नादकाटा गुडघ्यावर आपटायचे आणि सुमनच्या कानाशी, मग कानामागे धरून विचारायचे, "कुठं मोठं?" ती म्हणायची, "कानाशी." सरांचा दिवस सुरळीत जायचा. मग एका संध्याकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेले, तर सुमन बाळाला घेऊन तिथे सरांपुढे उभी होती. गिरणीत, म्हणजे काहीतरी नीट सांगायचं होतं.

"आबा, मी आठवडाभर खोटं सांगतेय," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपलं की पोरीची कुरकुर मला ऐकू येत नाही. उजव्या कानाला हाडावरच मोठं लागतंय."

 डब्याचं झाकण उघडून सरांनी पुन्हा लावलं. मग म्हणाले, "मिरजेला जाऊ. लवकर गेलेलं बरं. बहुतेकांचा सुधारतो."

"मी नाही जायची. एखाद्याचा पार जातो, हे लहानपणापासून ऐकतेय मी तुमच्याकडून." तिचा आवाज गिरणीच्याही वर चढला होता. "तुम्ही तरी कुठं गेला, आबा?"

बाबूनं पट्टा उतरवला. गिरणी थांबली. तशी सरांना काही ऐकू येण्याची सोयच राहिली नाही, पण जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. सरांचा कान सुधारला. ते बहुतेकांतलेच निघाले. पट्टी निघाल्यावर पहिली तक्रार त्यांनी केली ती बाबूच्या गिरणीची: माणसानं उभं राहू नये असा गोंगाट म्हणे! नंतर ते तिथे फिरकले नाहीत. त्यांच्या वर्गातही पुढे माझ्या वर्गासारखा बाजार भरू लागला असं कानावर आलं, आणि मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते. पुढच्या हिवाळ्यात सुमनही धीरानं जाऊन आली. पण हे सगळं मला कळलं ते सातारला आल्यावर, तिच्याकडूनच. माझ्या मिस्टरांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली होती.

म्हणून मला सर दिसतात ते आष्ट्याच्या एस.टी. स्टँडवरचे. ते मिरजेला निघाले होते, उजवा कान आधी करायचा म्हणून. सुमन पोचवायला आली होती, आणि सुभेदार खास लोणंदहून व्याह्यांच्या सोबतीला आले होते. मी निरोप द्यायला गेले. गाडी यायची होती. सर बाकावर बसले होते, नात मांडीवर. चार-पाच महिन्यांची ती पोर स्वतःशीच हुंकार देत होती, आं-ऊं करत होती. तेवढा बारीक आवाज सरांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान कलती केली आणि उजव्या कानामागचं हाड हलकेच तिच्या टाळूशेजारी टेकवलं. डोळे मिटले.

मी जवळ जाऊन, नेहमीसारखी दोन पावलं पुढे होऊन, मोठ्यानं विचारलं, "काय करताय, सर?"

"या कानाला ऐकवून ठेवतोय," ते म्हणाले. "उद्या कसं काय होतंय, कुणास ठाऊक."

हाडानं आलेला आवाज एका बाजूला थांबत नाही, तो दोन्ही कानांना जातो, हे त्यांनीच शिकवलेलं. उजवा गेला तरी डावा हे हाडानं ऐकणारच होता. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही. सुभेदार पिशवी सांभाळत शेजारी उभे होते. ते म्हणाले, "काय बी हरकत न्हाई." गाडी आली, माणसं उठली, कंडक्टरनं हाक दिली. सर तसेच बसून होते, डोळे मिटून, पोरीचा हुंकार ऐकत.